ग्राव्हनस्टेन, गेंट: पडायला आलेला किल्ला वाचवला, पण नेमका कुठल्या सालातला?

पार्श्वभूमी

बेल्जियमच्या उत्तर भागाला फ्लँडर्स म्हणतात. तिथलं गेंट हे जुनं शहर आणि त्याच्या ऐन मध्यात, अगदी शेजारून ट्राम जातेय असा, पाण्यातून सरळ वर चढलेला करड्या दगडाचा किल्ला उभा आहे. नाव ग्राव्हनस्टेन, म्हणजे काउंटांचा (त्या प्रांतावर राज्य करणाऱ्या सरदारांचा) दगडी वाडा. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी डोंगर येतो, इथे डोंगर औषधालाही नाही, हा पक्का भुईकोट. लंबगोल तटबंदी, तटाला बाहेर काढलेले २४ छोटे बुरूज, मधोमध साधारण ३० मीटर उंचीची चौकोनी मुख्य इमारत ज्याला तिकडे डोंजॉन म्हणतात, आणि पुढे आत शिरायचा मोठा दरवाजा.

त्या दरवाजावर लॅटिन शिलालेख आहे आणि पुढचं सगळं प्रकरण समजायला तो फार महत्त्वाचा. त्यात लिहिलंय की ११८० साली फ्लँडर्स आणि व्हर्मान्द्वाचा काउंट फिलिप, काउंट थिएरी आणि सिबिला यांचा मुलगा, याने हा किल्ला बांधवला. वर क्रॉसच्या आकाराची एक खिडकी आहे, फिलिप त्याच्या थोडं आधी क्रूसेडला, म्हणजे ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाला, जाऊन आला होता त्याची ती खूण समजतात. (तो पुढे पुन्हा गेला आणि ११९१ मध्ये भूमध्य किनाऱ्यावरच्या अक्को शहराच्या वेढ्यात तिथेच वारला.)

पण ११८० ही सुरुवात नव्हे. त्याच जागेवर आधी लाकडी बांधकाम होतं, मग अकराव्या शतकात दगडी वास्तू झाली, आणि फिलिपने ती पाडली नाही, तिच्यावर आणि तिच्याभोवती नवा डोंजॉन चढवला, बाजूने मातीचा भराव घातला, त्यामुळे जुन्या इमारतीचा तळमजला तळघर होऊन बसला. दगड तुर्ने गावचा, निळसर करडा चुनखडक, श्केल्ड नदीतून होड्यांनी यायचा. एवढा खटाटोप कशासाठी तर गेंटचे व्यापारी. लोकरीच्या कापडाच्या धंद्यात या लोकांनी एवढा पैसा केला की ते स्वतःसाठी बुरुजासारखी उंच दगडी घरं बांधायला लागले, आणि काउंटला त्यांचा ताठा मोडायचा होता. म्हणजे हा किल्ला परक्या शत्रूसाठी जेवढा होता त्याहून जास्त आपल्याच शहरातल्या लोकांना धाकात ठेवायला होता.

आता वर्षं मोजू या. काउंट मंडळी इथे राहायची ती १३५३ पर्यंत, मग त्यांनी गेंटमधलाच दुसरा, जास्त ऐसपैस राजवाडा धरला. म्हणजे फिलिपच्या बांधकामापासून धरलं तर १७३ वर्षं. त्यानंतर १४०७ मध्ये फ्लँडर्सचं मुख्य न्यायालय, कौन्सिल ऑफ फ्लँडर्स, इथे आलं आणि मधले काही खंड सोडले तर थेट १७७८ पर्यंत इथेच बसलं, म्हणजे ३७१ वर्षं. काउंटांच्या दुपटीहून जास्त! न्यायालयासोबत तुरुंग आला, वकील आले, किल्ल्यामागच्या पाटर्सहॉल नावाच्या मोहल्ल्यात या वकील न्यायाधीश लोकांची घरं झाली. मधेच १४४५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द गुड (हा वेगळा फिलिप) याने ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीस या मानाच्या सरदार-मंडळाच्या सदस्यांना इथल्या मोठ्या दालनात मेजवानी दिली, अशा गोष्टी होत राहिल्या, पण रोजचं काम कोर्टाचंच.

न्यायालय गेल्यावर १७८० च्या सुमारास सरकारने ही वास्तू विकून टाकली. एका आर्किटेक्टने घेतली. मग आत कारखाना आला, मुख्यतः सूतगिरणी, कारण एकोणिसाव्या शतकात गेंट म्हणजे कापसाचं मोठं केंद्र, इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र चोरून आणणारा लीव्हन बावेन्स याच गावचा. कामगारांची कुटुंबंही तटाच्या आत राहायला आली. पुण्यातल्या जुन्या वाड्यात पुढे बारा बिऱ्हाडं भरली आणि चौकात छापखाना सुरू झाला तर कसं दिसेल, तसं समजा.

अडचण

१८८० च्या दशकात गिरणी इथून हलायला लागली. मागे राहिलं ते असं की तटाला टेकून दोन्ही बाजूंनी घरं, भिंतींना पाडलेली भगदाडं, आत धुराने काळी झालेली दालनं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला किल्ला म्हणून दिसायचा तो फक्त दरवाजा. बाकी सगळं घरांच्या आड. पाटर्सहॉलमधले वकील केव्हाच गेले होते, तो आता दाटीवाटीचा गरीब कामगार मोहल्ला झाला होता. जागा मोक्याची, मालकी खासगी, सगळं पाडून प्लॉट विकायचे असा बेत पुढे आला होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी नाहीतर पुढचे निर्णय विचित्र वाटतील. बेल्जियम देश झाला १८३० मध्ये, स्मारकांसाठी राजेशाही आयोग नेमला १८३५ मध्ये, म्हणजे जाण लवकर होती, पण आयोगाचं काम सल्ला द्यायचं. खासगी मालकाला ‘हे पाडू नको’ असं सांगू शकणारा कायदा आला १९३१ मध्ये. म्हणजे १८८५ मध्ये कोणाला हा किल्ला वाचवायचाच असेल तर एकच मार्ग, पैसे मोजून विकत घ्या. आणि लोकांच्या पैशाने घेतलं की मग लोकांना दाखवता येईल असं काहीतरी व्हायला पाहिजे, हा दबाव आपोआप येतो. माझ्या मते पुढच्या सगळ्या निर्णयांची दिशा इथेच ठरली, आर्किटेक्ट यायच्या आधीच.

समोर कोणते पर्याय होते

पहिला अर्थातच काही न करणं, म्हणजे पाडू देणं. हे आज ऐकायला भयंकर वाटतं पण तेव्हाच्या गेंटवाल्यांच्या बाजूने बघा, त्यांच्या आठवणीत ही जागा म्हणजे तुरुंग, छळ आणि नंतर गिरणीचा धूर. एखाद्याला हे पडलं तर बरंच असं वाटलं असेल तर मी त्याला दोष देणार नाही.

दुसरा पर्याय, विकत घ्यायचं, पडझड थांबवायची आणि आहे तसं जुनं ठेवायचं. ही कल्पना तेव्हा हवेत नव्हती असं नाही, इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच विचाराने, की दुरुस्ती करा, डागडुजी करा, पण जुनं खरवडून ‘मूळ’ काहीतरी नव्याने बनवू नका. गेंटमध्ये याला फार जोर मिळाला नाही. आणि मला कारण समजतं, सूतगिरणीचं रिकामं खोकं दाखवायला कोण पैसे देणार होतं?

तिसरा पर्याय फ्रान्सकडून आलेला आणि त्या काळात सगळ्यात वजनदार. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच आर्किटेक्टने कार्कासोनची तटबंदी आणि पिएरफोंचा पडका किल्ला पुन्हा उभा केला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की इमारतीचा अभ्यास करा, तिच्यामागचं तर्कशास्त्र समजून घ्या, आणि मग ती पूर्ण करा, अगदी ती पूर्वी कधी एवढी पूर्ण नव्हती तरी चालेल. १८८० च्या युरोपात नगरपालिकेसमोर हा पर्याय ठेवला तर आकर्षक वाटणारच, कारण शेवटी हातात एक खराखुरा किल्ला मिळतो.

चौथा पर्याय टेबलावर आलाच नाही. तो म्हणजे सगळे थर ठेवायचे. काउंटांचा डोंजॉन, कोर्टाची दालनं, गिरणीचा एखादा मजला, कामगारांचं एखादं घर. त्या काळात कारखाना हा वारसा असतो ही कल्पनाच नव्हती, कारखाना म्हणजे वारशावर बसलेली घाण. म्हणून यासाठी त्या माणसांना झोडपण्यात अर्थ नाही, पण प्रकरण अभ्यासायचं तर कोणता पर्याय कोणाच्या डोक्यातही आला नाही हे नोंदवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

काय केलं

शहराने १८८५ च्या सुमारास वास्तू ताब्यात घेतली. काम आर्किटेक्ट जोसेफ दे वाले याच्याकडे गेलं आणि १८९३ ते १९०३ असं जवळपास दशकभर मुख्य काम चाललं.

आधी मोकळं केलं. तटाला चिकटलेली घरं गेली, गिरणी गेली, आत नंतरच्या शतकांत घातलेल्या भिंती आणि मजले गेले. निकष कोणता? तर दरवाजावरचा शिलालेख. ११८०. जे त्या सालचं आहे किंवा असावं ते ठेवायचं, जे त्यानंतरचं आहे ते बाजूला करायचं, आणि जे त्या सालचं असायला हवं होतं पण उरलं नाही ते परत बांधायचं. सोपा, स्पष्ट, कोणालाही समजावून सांगता येईल असा निकष आहे हा, आणि म्हणूनच मला तो धोक्याचा वाटतो, कारण एवढं स्वच्छ उत्तर हातात असलं की कोणी पुढे प्रश्न विचारत नाही.

मग बांधलं. दे वाले हा मनाला येईल तसं करणारा माणूस नव्हता हे मान्य करायला पाहिजे. दरवाजाची इमारत बरीचशी शाबूत होती, डोंजॉनच्या बाहेरच्या भिंती उभ्या होत्या, तटाचा खालचा भाग होता, त्यामुळे आराखडा काही कल्पनेतून काढलेला नाही, लंबगोल तट खरा आहे, मधली चौकोनी इमारत खरी आहे, तळाशी दडलेली अकराव्या शतकातली वास्तूही खरी. पण जसजसं वर जाल तसतसा पुरावा पातळ होत जातो आणि अंदाज वाढतो. छपराची गोष्ट घ्या. आज सगळीकडे सपाट गच्च्या आहेत, कडेला कंगोरे, त्यावरून चालत शहराचे तीन मनोरे बघता येतात, प्रत्येक पर्यटकाच्या फोनमध्ये तो फोटो असतो. ही सपाट छपरं मूळची नाहीत असं अभ्यासक मानतात. पूर्वेकडच्या इमारतीच्या खिडक्यांबद्दलही तेच.

१९०७ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. त्याच वर्षांत शहर आजूबाजूला पण हात फिरवत होतं, सेंट मायकेलचा दगडी पूल, जुन्या शैलीतलं नवं पोस्ट ऑफिस, घंटामनोऱ्याचं लोखंडी शिखर काढून दगडी शिखर, आणि या सगळ्याच्या पुढ्यात १९१३ चं जागतिक प्रदर्शन. म्हणजे ग्राव्हनस्टेन एकट्याचं प्रकरण नव्हतं, अख्खं शहर ‘मध्ययुगीन’ करून घ्यायचं चाललं होतं, आणि तेसुद्धा नवीन दगडांनी.

निकाल

वाचला. हे आधी ठळकपणे सांगतो कारण पुनर्बांधणीवर टीका करणारे लोक हे वाक्य गिळून टाकतात. १८८५ मध्ये विकत घेतला नसता तर आज तिथे दुकानं असती आणि अकराव्या शतकातलं ते तळघरही कोणाला सापडलं नसतं. पुढे झालेलं उत्खनन, आधीच्या लाकडी वस्तीचे पुरावे, हे सगळं जागा सार्वजनिक राहिली म्हणून शक्य झालं.

लोकांचा आणि किल्ल्याचा संबंधही बदलला. १६ नोव्हेंबर १९४९ ला गेंटच्या विद्यार्थ्यांनी बिअरची किंमत वाढवली म्हणून थेट हा किल्लाच ताब्यात घेतला, दरवाजे अडवले आणि वरून पोलिसांवर सडकी फळं फेकली! पोलिसांना शिड्या लावून चढावं लागलं. आजही तिथले विद्यार्थी ती आठवण साजरी करतात. जो किल्ला गावाला दाबायला बांधला होता त्याच्यावर गावातली पोरं चढून बसली, याहून चांगला निकाल एखाद्या सार्वजनिक खरेदीचा काय असू शकतो मला माहीत नाही.

पण गमावलं काय ते बघा. आत गेल्यावर काउंट फिलिप भेटतो, शस्त्रं भेटतात, तोफा तलवारी चिलखतं, दालनं, शेकोट्या. ३७१ वर्षं जे न्यायालय इथे बसलं त्याचं काय दिसतं? मुख्यतः छळाची हत्यारं. बेड्या, पिळण्याची यंत्रं. ते खरं आहे, इथे छळ झाला, ते लपवू नये. पण अपिलं चालवणारं, फ्लँडर्सभरचे जमिनीचे वारशाचे कर्जाचे तंटे सोडवणारं एक कोर्ट, ज्याच्यामुळे शेजारचा मोहल्ला वसला, त्याची बसायची जागा, त्याचे बदल, त्याच्या भिंती हे ११८० च्या निकषात बसत नव्हतं म्हणून गेलं आणि मागे राहिली ती नुसती भीतीची गोष्ट. सूतगिरणीचं तर एवढंही उरलं नाही. जवळपास शंभर वर्षं माणसं इथे कामाला यायची, इथे पोरं जन्मली, आणि आज आत फिरताना त्याचा मागमूस नाही.

मला हे लागतं. काउंटांबद्दल दस्तऐवज आहेत, ते कुठल्याही इतिहासात सापडतील, त्यांना या भिंतींची गरज सगळ्यात कमी होती. गिरणी कामगारांना फक्त भिंतीच होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीचा निर्णय शंभर टक्के बरोबर, त्यात काही बदलायचं नाही. उलट कायदा नसताना नगरपालिकेने हे केलं याचं कौतुक व्हायला हवं.

पहिला खरा वळणाचा मुद्दा घरं आणि गिरणी हटवताना आला. बाहेरून तटाला टेकलेली घरं काढणं मी समजू शकतो, त्याशिवाय दुरुस्तीच करता आली नसती. आतलं मात्र निवडून ठेवता आलं असतं. गिरणीचा एक मजला, कोर्टाच्या काळातलं एक दालन. आणि ठेवायचं नव्हतंच तर पाडण्यापूर्वी खोली न खोली मोजून, चित्र काढून, कोण राहत होतं ते लिहून ठेवता आलं असतं. कॅमेरा होता, मोजणीदार होते, जनगणना होती. त्याला लागणारा पैसा दगडाच्या खर्चापुढे काहीच नव्हता.

दुसरा मुद्दा, नवा दगड आणि जुना दगड वेगळा कळू देणं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे स्मारकांच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, हे तत्त्व स्पष्ट आलं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबवा, भर घातली तर ती ओळखू यावी, आणि सगळ्या काळांनी केलेल्या भरीचा मान ठेवा. ती सनद घडवणाऱ्यांमध्ये रेमाँ लमेअर हा बेल्जियन, लूव्हेनचा प्राध्यापक, पुढे होता. बेल्जियममध्ये ‘अंदाजाने पूर्ण केलेल्या’ अशा इमारती भरपूर होत्या, त्यामुळे त्याला हे प्रश्न पुस्तकात शोधावे लागले नसणार. दे वालेला ७० वर्षांनंतरच्या नियमाने मोजणं अन्याय होईल हे खरं, पण मॉरिसचा मुद्दा त्याच्या काळात उपलब्ध होता, तो ऐकून किमान तटाच्या वरच्या भागात एखादी आडवी रेघ, वेगळ्या रंगाचा थर, काहीतरी सोडता आलं असतं, म्हणजे खाली फिलिप आणि वर आम्ही हे बघणाऱ्याला कळलं असतं.

सपाट छपरांबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. चुकीची असतील, पण त्यांच्यामुळेच सामान्य माणूस वर जाऊन आपलं शहर बघतो. त्यासाठी कोणाचा जुना थर पाडला गेला नसेल तर मी ती माफ करीन, फक्त तिथे एक पाटी हवी की हे १९०० च्या सुमाराचं आहे.

तोच प्रश्न पुन्हा

हे प्रकरण संपलेलं नाही. २०२३ मध्ये शहराने किल्ल्याला लिफ्ट आणि नवी प्रवेश-इमारत करायचा आराखडा मांडला, कारण आत सगळे अरुंद गोल जिने, व्हीलचेअरवरच्या माणसाला वर जायची सोयच नाही. जोरदार विरोध झाला, सह्यांची मोहीम झाली, मध्ययुगीन किल्ला बिघडेल अशी ओरड झाली.

त्यातल्या आराखड्यावर, काच किती, उंची किती, कुठून दिसेल यावर वाद घालायला हरकत नाही, मी पण घालीन. पण ‘आठशे वर्षं जसा होता तसाच राहू द्या’ हा मुद्दा इथे टिकत नाही, कारण तो तसा नव्हताच. त्या रूपावर काउंटांचा जेवढा हात आहे तेवढाच दे वालेचा आणि त्याला पैसे देणाऱ्या नगरपालिकेचा आहे. त्यांनी त्यांच्या काळाच्या गरजेसाठी, म्हणजे लोकांना दाखवता यावा म्हणून, सपाट गच्च्या केल्या. आता त्या गच्चीवर ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांनाही जाता यावं ही गरज आहे. फरक एवढाच की यावेळी काम करणाऱ्यांनी आधी सगळ्या भिंती तपासाव्यात, कुठली ११८० ची, कुठली कोर्टाच्या काळातली, कुठली १९०० ची हे नकाशावर रंगवून लोकांसमोर ठेवावं, आणि लिफ्टसाठी जे काही कापायचं असेल ते शक्यतो दे वालेच्या दगडातूनच कापावं.